गावाने जमवलेले ६४,३०० रुपये त्या घराला कसे द्यावेत?

सीनाकाठ

नमस्कार. माढा तालुक्यातलं आमचं गाव, साडेतीनशे उंबऱ्यांचं. आमच्या आळीतल्या नऊ वर्षांच्या मुलाला रक्ताचा कॅन्सर निघालाय. महिनाभर ताप येत-जात होता, मग अंगावर निळे डाग दिसायला लागले. बार्शीला दाखवलं, तिथून परळला टाटाला पाठवलं. सोमवारी तिथं फाइल निघाली. बरा होण्यासारखा आजार आहे असं डॉक्टरांनी सांगितलंय, पण उपचार दोन-अडीच वर्षं चालतील म्हणाले.

वडील दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर असतात. स्वतःची जमीन पावणेदोन एकर, तीही कोरडवाहू. आई रोजानं खुरपायला जाते. घरात म्हातारी आजी, पहिलीतली धाकटी बहीण आणि दोन म्हशी. दूध डेअरीला जातं, त्याच्यावर बचत गटाचा आणि एका फायनान्सचा असे दोन हप्ते निघतात. निघत होते म्हणायला पाहिजे, कारण आता आई-वडील दोघंही मुंबईत आहेत.

मंडळाच्या पोरांनी गावात फिरून आठ दिवसांत ६४,३०० रुपये जमवले. शाळेतल्या लेकरांनी खाऊचे पैसे दिले, त्याचीच चिल्लर अकराशे भरली. आता दोन मतं पडलीत. काही जण म्हणतात, मारुतीच्या देवळासमोर छोटा कार्यक्रम घेऊन सगळी रक्कम वडिलांच्या हातात द्यावी. काही म्हणतात, हातात नको, थेट दवाखान्यात भरावी.

दुसरं असं की मुंबईत मोठमोठे ट्रस्ट मदत करतात हे ऐकून आहे. पण त्यांच्याकडं जायचं कसं, अर्ज कोण देतं, आमच्यासारख्याला दारात उभं करतात का, काहीच कल्पना नाही. वडील चौथी शिकलेत. माझं गावात किराणा दुकान आहे, दोन-तीन दिवस मी त्यांच्यासोबत जाऊ शकतो. ज्यांनी यातलं काही केलंय त्यांनी सांगावं. लोकांचे पैसे आहेत, चूक व्हायला नको.

हिशेबनीस

आधी कागदाचं सांगतो, म्हणजे पुढे त्रास नको. तुमचं मंडळ नोंदणीकृत सार्वजनिक न्यास नसेल, तर धर्मादाय कामासाठी वर्गणी गोळा करायला महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ क प्रमाणे धर्मादाय कार्यालयाला कळवावं लागतं. गणपतीत दरवर्षी जी परवानगी काढता, तेच कलम. ती परवानगी गणपतीपुरतीच असते, या वर्गणीला लागू होत नाही. सोलापूरच्या कार्यालयात जाऊन या वर्गणीचा वेगळा अर्ज द्या, हिशेब जोडा. काम लहान आहे, पण राहून गेलं तर उद्या गावातलाच कोणी बोट दाखवेल.

पैसे कोणा एकाच्या खात्यात ठेवू नका. तिघांचं संयुक्त खातं काढा, दोन सह्यांशिवाय पैसे निघणार नाहीत असं. तिघांत एक बाई असू द्या, शक्यतो बचत गटातली. त्यांना वहीची सवय असते. आणि कोणी आयकरात सूट मिळवून देणारी ८० जीची पावती मागितली तर मंडळाला ती देता येत नाही हे आधीच सांगून टाका.

शेवंती

भाऊ, तुमची पोस्ट काल रात्री वाचली. जून २०१३ मध्ये आमच्या मुलीला हाच आजार निघाला. तेव्हा ती सहा वर्षांची होती. आम्ही सांगोल्याकडचे, आता डोंबिवलीला असतो. आज ती अठराची आहे, फार्मसीला शिकते. हे पहिल्यांदा लिहिते, म्हणजे त्या माउलीला वाचून दाखवता येईल.

तुम्ही विचारलंय त्याचं माझं उत्तर एकच आहे. सगळी रक्कम एकदम हातात देऊ नका, आणि दवाखान्यातही भरू नका. महिन्याच्या महिन्याला द्या.

आमच्या गावानेही पैसे जमवले होते. ५१,००० रुपये. देवळापुढे सतरंजी अंथरली, माइक लावला, सरपंचांच्या हस्ते पाकीट दिलं. मुलगी तापाने फणफणलेली, माझ्या मांडीवर झोपली होती. फोटो नीट यावा म्हणून तिला उठवलं. दुसऱ्या दिवशी आम्ही जवळच्या शहरातल्या एका दवाखान्यात गेलो, तिथे भरती करायलाच अनामत मागितली. चौथ्या दिवशी पाकीट रिकामं. तो ट्रस्टचा दवाखाना होता, तिथे गरिबांसाठी खाटा राखून ठेवाव्या लागतात हे मला दोन वर्षांनी कळलं. सरकारी जीवनदायी योजना तर सोलापूर जिल्ह्यात जुलै २०१२ लाच सुरू झालेली, पहिल्या आठ जिल्ह्यांत आपला जिल्हा होता. पिवळं रेशनकार्ड माझ्या पिशवीत होतं. ते आहे का असं आम्हाला कोणी विचारलं नाही आणि आम्हाला विचारायचं ठाऊक नव्हतं.

गाव चुकलं असं मी कधीच म्हणणार नाही. लोकांनी पोटाला चिमटा काढून दिलं होतं. पण डिसेंबरात, म्हणजे सातव्या महिन्यात, आमच्याकडे मुंबईच्या तिकिटाला पैसे नव्हते आणि गावाकडे दुसऱ्यांदा तोंड उघडवत नव्हतं. सगळ्यांच्या मनात होतं की यांना एक्कावन्न हजार दिलेत. मुलगी दिसायला चांगली झालेली, अंगणात खेळत होती. मालक म्हणाले, आता बास, जे होईल ते देवाच्या मर्जीने. उपचार सुटतात ते असेच सुटतात. दवाखान्याच्या बिलापाशी सुटणारे मी कमी बघितले. तिकीट, म्हैस, हप्ता, घरी आजीजवळ ठेवलेलं दुसरं लेकरू, यांच्यापाशी सुटणारे खूप बघितले. गेली आठ वर्षं मी मंगळवारी आणि शुक्रवारी परळला जाते, नवीन आलेल्या घरांना कागद लावून द्यायला. प्रत्येक वेळी हेच दिसतं.

आमचं सुटलं नाही ते दहा बायकांमुळे. माझ्या सासूबाई ज्या बचत गटात होत्या, त्यातल्या दहा जणी. प्रत्येकी महिना ७० रुपये, म्हणजे ७००. दर पाच तारखेच्या पुढेमागे मुंबईला येणाऱ्या कुणाच्या तरी हाती ते रुमालात बांधून यायचे, सोबत ज्वारीचं पीठ आणि शेंगदाण्याची चटणी. रुमालात वहीचं फाडलेलं पान असायचं, दहा नावं आणि नावापुढे ७०. एका महिन्यात एकीच्या नावापुढे ४० लिहिलेलं होतं, आणि त्यापुढे ‘३० बाकी पुढच्या टायमाला’. दुष्काळाचं साल, त्यांच्याकडेच काम नव्हतं. पुढच्या महिन्यात तिच्या नावापुढे १०० होते. सव्वादोन वर्षं हे चाललं. ती पानं माझ्याकडे आहेत.

आता ट्रस्टचं. कुठल्याही ट्रस्टच्या दारात आधी जाऊ नका. आधी टाटातल्या समाजसेवा विभागात जा. मुलांच्या विभागासाठी इम्पॅक्ट फाउंडेशन म्हणून २०१० पासून वेगळी यंत्रणा आहे. मदतीला पैसा कुठून आणायचा, घर कुठे मिळवून द्यायचं, उपचार मध्येच सोडून कोण गेलंय, हे सगळं तीच माणसं बघतात. फाइल जनरलची, म्हणजे सवलतीच्या दराची आहे ना तेवढं पहिल्यांदा बघा. घाबरून किंवा लवकर नंबर लागावा म्हणून कित्येक जण प्रायव्हेटची काढतात आणि तिथेच हिशेब बिघडतो.

कागद: दोघांची आधारकार्डं, मुलाचं आधार, रेशनकार्ड, तहसीलदाराचा चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला, आणि डॉक्टरांच्या सही-शिक्क्याचं खर्चाचं एस्टिमेट. उत्पन्नाचा दाखला तुम्ही गावाकडून काढून न्या, कारण त्यासाठी बापाला माढ्याला परत यावं लागलं तर चार दिवस जातात. सगळ्याच्या बारा-बारा झेरॉक्स काढा. पावसाळा आहे, प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. एकेका कागदापायी बापलोक पुन्हा पुन्हा गावी धावतात आणि तेवढे दिवस आई एकटी असते.

राहायचं ठिकाण मात्र पैशाच्याही आधी बघा. औषध चढलं की पांढऱ्या पेशी उतरतात आणि साध्या सर्दीनेही मुलाला भरती करावं लागतं. आम्ही पहिले नऊ दिवस फुटपाथवर काढले, तिला तिथेच खोकला धरला. सेंट ज्यूडची केंद्रं आहेत, २००६ पासून मुंबईत, फक्त कॅन्सरच्या मुलांसाठी. प्रत्येक घराला वेगळी खोली, स्वयंपाकाला आपापली जागा, शिधा, दवाखान्यात न्यायला-आणायला गाडी, सगळं विनामूल्य. तिथे आपण होऊन जाता येत नाही, दवाखान्याच्या पत्रावरच घेतात, म्हणून समाजसेवा विभागात पहिल्याच दिवशी ‘राहायला जागा नाही’ हे स्पष्ट सांगायचं. लाजून ‘पाहुण्यांकडे आहोत’ म्हणालं की नाव मागे पडतं. तिथे जागा नसेल तर दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आहे, परळला नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन आहे. आम्ही धर्मशाळेत होतो. आमच्या आधीच्या घराने जाताना त्यांचा कुकर आमच्याकडे दिला, झाकणाच्या आत खिळ्याने तीन गावांची नावं कोरलेली. चौथं आमचं.

गाडीचं: कॅन्सरच्या रुग्णाला रेल्वेत स्लीपरला पूर्ण सवलत आहे, सोबतच्या एकाला ७५ टक्के. दवाखान्यातून त्याचा फॉर्म भरून घ्यायचा. कुर्डुवाडीहून सिद्धेश्वर पकडली की सकाळी दादरला उतरता येतं. एसटीने जावं लागलंच तर मार्च २०२३ पासून आईला अर्धंच तिकीट आहे.

जुनी समाजसेविका

शेवंतीताईंनी जे लिहिलंय त्याला मी एकतीस वर्षांच्या नोकरीवरून दुजोरा देते. मी सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक होते. ट्रस्टच्या बाजूने हे कसं चालतं ते थोडं सांगते, कारण लोकांना वाटतं की एक मोठा दाता सापडला की झालं. तसं होत नाही.

टाटा रुग्णालय १९४१ मध्ये दोराबजी टाटा ट्रस्टने उभं केलं, पण १९६२ पासून ते केंद्राच्या अणुऊर्जा विभागाकडे आहे. तिथल्या जनरल रुग्णाचा मोठा भार सरकार उचलतं. त्यावर महात्मा फुले जन आरोग्य योजना. त्यासाठी आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेच्या मदतनीसाचं टेबल शोधायचं आणि रेशनकार्ड दाखवायचं. योजनेच्या पॅकेजात जे बसत नाही, ते ट्रस्टकडून येतं. काही तपासण्या, जंतुसंसर्ग झाला तर भारी अँटिबायोटिक, रक्तघटक. इथे दहा ठिकाणचे दहा चेक लागतात. कुणी तीन हजार देतं, कुणी दहा, कुणी पंचवीस. फोर्ट, काळबादेवी, मस्जिद बंदर भागात शंभर-शंभर वर्षांचे पारशी, गुजराती, मुस्लिम, मराठी ट्रस्ट आहेत ज्यांची नावं पेपरात कधी येत नाहीत. त्यांची कचेरी म्हणजे एक खोली, एक मुनीम आणि आठवड्यातला ठरलेला वार. ते आमच्यासारख्यांच्या टिपणावर विश्वास ठेवतात.

त्या टिपणात काय असतं? घरात खाणारी तोंडं किती, कमावते हात किती, जमीन, कर्ज, आतापर्यंत कुणाकडून किती मिळालं. हे शेवटचं खरं सांगायचं. गावाने ६४ हजार जमवले हेही सांगायचं, आणि ते प्रवासाला व घरखर्चाला ठेवलेत हेही सांगायचं. लपवलं आणि नंतर कळलं तर त्या घराचाच नव्हे, त्या कचेरीत पुढे जाणाऱ्या दहा घरांचा विश्वास जातो. उलट गावाने हिशेब धरून पैसा वेगळा ठेवलाय असं पत्र सोबत असेल, तर विश्वस्त मंडळी लवकर सही करतात. मी हे पाहिलेलं आहे. सरपंचाच्या लेटरहेडवर साधं चार ओळींचं पत्र द्या.

दोन गोष्टी मनात पक्क्या ठेवा. चेक रुग्णालयाच्या नावाने निघतो, घरच्यांच्या नाही. आणि झालेल्या खर्चाचं बिल घेऊन गेलात तर बहुतेक ट्रस्ट हात जोडतात. एस्टिमेट घेऊन आधी जायचं. ज्यांनी सोनं विकून बिल भरलं आणि मग पावत्या घेऊन आले, अशी माणसं माझ्या टेबलापुढे बसायची तेव्हा मला काहीच करता येत नसे.

शेवंतीताई ज्या राखीव खाटांबद्दल म्हणाल्या ते वर हिशेबनीसांनी सांगितलेल्या अधिनियमाचंच कलम ४१ कक. मुंबई उच्च न्यायालयाने मंजूर केलेली योजना २००६ पासून लागू आहे. धर्मादाय रुग्णालयाने दहा टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांना निम्म्या दरात द्यायच्या. वार्षिक उत्पन्न १,८०,००० पर्यंत निर्धन, ३,६०,००० पर्यंत दुर्बल. टाटाला हे कलम लागत नाही. पण मूल गावी आलेलं असताना रात्री ताप भरला आणि सोलापुरात भरती करावं लागलं, तर तिथल्या धर्मादाय रुग्णालयात हे लागतं. तातडीच्या वेळी अनामतीसाठी अडवायचं नाही, असं त्या योजनेतच आहे. दारावरच्या पाटीत ‘धर्मादाय’ शब्द शोधा आणि आत गेल्यावर तोच शब्द वापरा.

अजून एक मदत गाव करू शकतं, तिला पैसा लागत नाही. प्लेटलेट्स. पिशवी पाच दिवसांच्या वर टिकत नाही, म्हणून साठवून ठेवता येत नाही, दाता त्या दिवशी हवा असतो. तुमच्या गावची मुंबई-ठाण्यात कामाला असलेली मुलं किती आहेत? अठराच्या वरची, पन्नास किलोच्या वर वजनाची, यांची यादी रक्तगटासह त्या आईच्या फोनमध्ये भरून द्या.

सीनाकाठ

ताई, तुम्हा सगळ्यांचे आभार कसे मानू. काल रात्री मंडळाच्या बैठकीत हे सगळं वाचून दाखवलं. कार्यक्रम रद्द. तिघांचं खातं काढतोय, मी, शाळेतले गुरुजी आणि बचत गटाच्या अध्यक्ष. मुंबईतली अकरा पोरं निघाली, त्यातला एक तर लालबागला मेसमध्ये राहतो, दवाखान्यापासून चालत.

एका गोष्टीवर मात्र वाद झाला. फायनान्सचा हप्ता महिना २,१५० आहे. काही जण म्हणाले, पोराच्या दवाखान्याच्या नावावर मागितलेले पैसे कर्जात कसे घालायचे? ज्यांनी दिले ते विचारतील. मलाही उत्तर देता आलं नाही.

शेवंती

हा वाद आमच्याकडेही झाला असता, कुणी आधी विचार केला असता तर.

भाऊ, फायनान्सवाला दर आठवड्याला किंवा पंधरवड्याला दारात येतो तेव्हा घरी कोण आहे? आजी. गटातल्या बाकीच्या बायकांनाही तो बसवून ठेवतो, एकीचा हप्ता थकला की सगळ्या अडकतात. मग त्याच बायका, ज्यांनी परवा मुलासाठी शंभर रुपये दिले, त्या आजीशी बोलेनाशा होतात. आजी फोनवर रडते. मुंबईत वॉर्डात बसलेली आई ते ऐकते आणि म्हणते, मी दोन दिवस जाऊन येते. दोन दिवसांचे दहा होतात आणि बापाला एकट्याला पोराचं सुईचं वेळापत्रक कळत नाही. हे मी कल्पनेने लिहीत नाही, गेल्या दोन वर्षांत अशी तीन घरं मी स्वतः फोन करून परत बोलावली आहेत. त्यातलं एक परत आलं नाही.

म्हणून हप्ता भरणं हा त्या पोराच्या उपचाराचाच खर्च आहे, असं माझं ठाम मत आहे. पण लोकांना विचारून करा. ज्यांनी दिलेत त्यांना ग्रामसभेत उभं राहून सांगा की पैसे अमुक-अमुक कामाला वापरू, कुणाला मान्य नसेल त्याने आपले परत घ्यावेत. परत मागायला कोणी येणार नाही, आणि आलं तर देऊन टाका. आणि आधी फायनान्सच्या शाखेत जाऊन आजाराचे कागद दाखवून हप्ता लहान करून मुदत वाढवता येते का ते विचारा. गटातल्या बायका सोबत गेल्या तर ऐकतात.

म्हशींचं काय ठरवलंत? ते तुम्ही लिहिलं नाही. आमच्या दोन होत्या, एक तिसऱ्या महिन्यात विकावी लागली. चाऱ्याला पैसे नव्हते असं नाही, सासूबाईंना दोन्ही वेळा धार काढवेना. शेजारची मुलं पहिले पंधरा दिवस आली, मग पेरणी लागली. कुणाला तरी महिन्याचे हजार-बाराशे ठरवून द्या, धार काढून दूध डेअरीत घालायला. फुकट करायला सांगू नका. फुकटाचं काम चांगला माणूसही महिनाभर करतो, त्यापुढे त्यालाच अवघडल्यासारखं होतं. दूध चालू राहिलं तर तुमचे ६४ हजार दुप्पट दिवस पुरतील.

आणि ती पहिलीतली मुलगी. तिच्याकडे कुणीतरी बघा. माझा मोठा मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा होता, आजीजवळ ठेवलेला. अडीच वर्षांत आम्ही त्याच्या एकाही वाढदिवसाला घरी नव्हतो. तो काही बोलला नाही, पण दहावीत असताना एकदा म्हणाला, ‘मला काही झालं नाही म्हणून मी तिथं होतो.’ गुरुजी खात्यावर आहेत ना, त्यांना सांगा. शाळेतून तिला रोज फोन लावून आईशी बोलू द्या, दोन मिनिटं.

नांदेड सिटी

मी एका कंपनीच्या सीएसआर, म्हणजे समाजकार्याचा निधी बघणाऱ्या विभागात आहे. ऑनलाइन वर्गणी का नाही करत? मुलाचा फोटो आणि व्हिडिओ टाकला तर दोन दिवसांत चार-पाच लाख जमतात. कंपन्यांकडेही निधी असतो, नफ्याच्या दोन टक्के खर्च करणं मोठ्या कंपन्यांना बंधनकारक आहे.

शेवंती

दादा, ज्यांना प्रायव्हेट दवाखान्याशिवाय मार्ग नाही, त्यांना त्याचा आधार झालेला मी पाहिलाय. पण या मुलाचे उपचार जनरलमध्ये होणार आहेत, तेवढा पैसा लागणार नाही. आणि फोटो कायमचा राहतो. माझ्या मुलीचा तो देवळापुढचा फोटो कुणीतरी फेसबुकवर टाकला होता. आठवीत असताना वर्गातल्या एकाने तो शोधून काढला. ती आठ दिवस शाळेत गेली नाही. नऊ वर्षांचं मूल हो म्हणेल, त्याला काय कळतं. त्याला विसाव्या वर्षी काय वाटेल ते आपण मोठ्यांनी बघायचं. म्हणून मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हिशेब टाका, पोराचा फोटो टाकू नका.

सीएसआरचा पैसा एका घराला देता येत नाही, नोंदणी असलेल्या संस्थेला देतात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. मग तुमच्या कंपनीत एक विचारा ना. संस्थांना खाटा, मशीन, गाडी यासाठी पैसे मिळतात, कारण त्यावर नाव लिहिता येतं. धर्मशाळेचं वीजबिल, गॅस, कागद लावून देणाऱ्या मुलीचा पगार, तीन महिने उपचाराला न आलेल्या घराला फोन करून बोलावणाऱ्या माणसाचा पगार, याला द्यायला कोणी तयार होत नाही. मी जिथे बसते तिथली पगारावरची मुलगी पैसे संपले म्हणून मार्चमध्ये गेली. तिच्याकडे दोनशे घरांचे फोन नंबर तोंडपाठ होते.

नांदेड सिटी

हे खरं आहे. आमच्याकडे अर्जात पगाराचा रकाना मोठा दिसला की वरून प्रश्न येतो. मी स्वतः असे दोन अर्ज मागे पाठवलेत. पुढच्या महिन्यात वार्षिक आराखडा आहे, हा मुद्दा मी मांडतो. तुम्हाला व्यक्तिगत निरोप पाठवलाय.

सीनाकाठ

कळवायला उशीर झाला, परवा मुंबईहून आलो. समाजसेवा विभागात अडीच तास लागले, पण बाईंनी सगळं नीट विचारलं. शेवंतीताई मंगळवारी तिथं भेटल्या, त्यांचं नाव इथं लिहीत नाही. सरपंचांचं पत्र बाईंनी फाइलला लावून घेतलं. राहायला आठ दिवस धर्मशाळेत, नंतर सेंट ज्यूडला जागा होईल असं म्हणाल्यात.

गावात ठरलं ते असं. महिना ३,५०० खात्यातून. त्यात हप्ता १,२००, फायनान्सने मुदत वाढवून दिली, बचत गटाच्या सात बायका शाखेत जाऊन बसल्या होत्या. म्हशींना १,०००, ते काम मागच्या आळीतली एक विधवा बाई करतेय, तिलाही आधार झाला. १,३०० आईच्या खात्यावर, तिकिटाला आणि वरखर्चाला, त्याचा हिशेब मागायचा नाही असं ठरलं. असे अठरा महिने जातील. त्यापुढं काय ते दिवाळीला बघू, दहा-बारा घरांनी महिना पन्नास रुपये लावून घेतलेत.

बहीण रोज मधल्या सुट्टीत गुरुजींच्या फोनवरून बोलते. काल तिनं भावाला विचारलं, तुझ्या खोलीत खिडकी आहे का.

ताई, एक विचारायचं राहिलं. पहिला टप्पा झाल्यावर चार दिवस गावी पाठवतील म्हणाले. तेव्हा काय-काय सांभाळायचं?

शेवंती

डिजिटल थर्मामीटर दोन घ्या, एक त्यांच्या पिशवीत आणि एक तुमच्या दुकानात. १००.४ च्या वर गेला की पॅरासिटामॉल देऊन वाट बघायची नाही, लगेच निघायचं, रात्रीचे दोन वाजले तरी. म्हणून ते चार दिवस गाडी कुणाची आणि चालवणार कोण हे आधीच ठरवून ठेवा, त्याचा नंबर आजीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहा. पाणी उकळून गार केलेलं. बघायला येणाऱ्यांना दारातूनच बोलायला सांगा, जत्रा भरू देऊ नका, हे तुम्हालाच उभं राहून करावं लागेल, घरच्यांना कुणाला नाही म्हणता येत नाही. म्हशींच्या गोठ्याकडे त्याला जाऊ देऊ नका. तो हट्ट करेल, नऊ वर्षांचा आहे.

आणि धर्मशाळेतून निघताना त्यांच्याजवळ तो कुकर असेल तर झाकणावर तुमच्या गावाचं नाव कोरायला विसरू नका. मंगळवारी मी तो त्यांच्याकडे दिलाय. शिट्टी नवीन बसवलीय.